पोह्यातली चिमूटभर साखर आणि बाकीचं ताट

मधुमेह निघाला की घरात पहिली कुऱ्हाड साखरेच्या डब्यावर कोसळते. चहा बिनसाखरेचा होतो, लाडू-बर्फी बंद होते, आणि पोह्यांत घालायची चिमूटभर साखरही गाळली जाते. पुढच्या महिन्यात रिपोर्ट येतो तेव्हा फास्टिंग बऱ्यापैकी असतं, पण नाश्त्यानंतरची शुगर 230. ‘गोड तर काहीच खात नाही हो मी!’ हे वाक्य मधुमेहाच्या प्रत्येक दवाखान्यात ऐकू येतं, आणि म्हणणारा खोटं बोलत नसतो.

हिशेब वेगळ्याच ठिकाणी चुकलेला असतो. पोह्यांतली ती साखर अर्धा चमचा, म्हणजे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. एका भरल्या बशीत साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे असतात आणि त्यांत 46 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. वर बटाट्याच्या फोडी पडल्या की आठ-नऊ ग्रॅम वाढतात. ही कर्बोदकं म्हणजे मुख्यतः पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. जिभेला त्या गोड लागत नाहीत, पण लाळेतलं आणि पुढे लहान आतड्यातलं अमायलेज त्या तोडतं आणि रक्तात शेवटी ग्लुकोजच उतरतं. आता दुसरा आकडा पाहा. मोठ्या माणसाच्या अंगात पाचेक लिटर रक्त असतं आणि शुगर 100 असताना त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा. पोह्यांची बशी त्याच्या नऊ-दहा पट ग्लुकोज तास-दोन तासांत आत सोडते. निरोगी माणसाचं इन्सुलिन ते लगोलग स्नायूंत आणि यकृतात पोचवतं. मधुमेहात एक तर इन्सुलिन उशिरा आणि कमी येतं, नाहीतर पेशी त्याला दाद देत नाहीत, आणि आलेलं ग्लुकोज रक्तातच तुंबतं.

हे कुठल्याही जेवणाला होतं, मग नाश्त्याचाच एवढा बाऊ का? कारण सकाळची वेळच वाईट. पहाटे तीन-चारनंतर शरीर उठायची तयारी करू लागतं. कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन ही संप्रेरकं वाढतात, ती इन्सुलिनचा जोर कमी करतात आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडू लागतं. रात्री दहाला 120 असलेली शुगर सकाळी काही न खाता 150 कशी, हे कोडं पुष्कळांना पडतं. उत्तर हेच. डॉक्टर याला डॉन फिनॉमिनन म्हणतात. म्हणून टाइप 2 मधुमेहात दिवसातली सर्वांत मोठी उसळी बहुधा नाश्त्यानंतरची असते. जी भाकरी दुपारी 40ने शुगर वाढवते, तीच सकाळी 70ने वाढवू शकते.

याची उलट बाजू फायद्याची आहे. दिवसात एकाच वेळचं खाणं बदलायची तयारी असेल तर ते नाश्त्याचं बदलावं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 साली टाइप 2 मधुमेहाच्या 23 जणांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. एक दिवस नाश्त्याला ऑम्लेट, दुसऱ्या वेळी ओट्स आणि फळं; दुपारचं आणि रात्रीचं जेवण दोन्ही दिवशी सारखंच. ऑम्लेटच्या दिवशी नाश्त्यानंतरची उसळी जवळपास नाहीशी झाली आणि 24 तासांतले शुगरचे चढउतारही कमी झाले. ओट्सला आपल्याकडे जे देवघरातलं स्थान मिळालं आहे, ते पाहता हा प्रयोग मला फार आवडतो.

पिष्ट किती, याबरोबर ते कशा अवस्थेत आहे हेही पाहावं लागतं. पोहे करताना भात भिजवून, भाजून, दाबून चपटा करतात. पिष्ट तिथेच अर्धंअधिक शिजून फुललेलं असतं, आणि पाकळी इतकी पातळ की पाचकरसाला आत शिरायला वेळ लागत नाही. रव्याच्या उपम्यात दाणा आधीच दळलेला. इडलीत तांदूळ वाटलेला, आंबवलेला आणि वाफवलेला. तीन इडल्यांत 35 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. साबुदाण्याची तर गोष्टच सोडा. तो टॅपिओकाच्या कंदातून काढलेला जवळपास शुद्ध पिष्ट आहे, 100 ग्रॅममध्ये 87 ग्रॅम, प्रथिनं नावालाही नाहीत. खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचं.

याउलट मूग, मटकी, हरभरा. यांच्यातही पिष्ट असतं, पण ते दाण्याच्या चिवट पेशींत बंद असतं, त्याची जातही हळू पचणारी, आणि सोबत तंतू व प्रथिनं. रक्तात ते झिरपत येतं. ग्लायसेमिक इंडेक्सची कल्पना 1981 साली मांडणारे टोरंटोचे डेव्हिड जेंकिन्स यांनी पुढच्याच वर्षी आणखी एक गंमत दाखवली. निरोगी स्वयंसेवकांना सकाळी मसूर दिला, तर चार तासांनी खाल्लेल्या ब्रेडमुळेही शुगर कमी वाढली. सकाळच्या कडधान्याचा उपकार दुपारच्या जेवणापर्यंत पुरतो.

म्हणून पोहे ‘बंद’ करण्यापेक्षा ताटातला मान उलटा करावा, असं माझं मत आहे. आपण पोह्यांवर मूठभर मटकी पेरतो. त्याऐवजी मटकीच्या उसळीत मूठभर पोहे घालावेत. साधारण 30 ग्रॅम कोरड्या मटकीला मोड आणले की भरपूर वाटीभर उसळ होते. तिच्यात 17 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, त्यातला चांगला हिस्सा तंतूंचा, आणि सात ग्रॅम प्रथिनं. त्यात 15-20 ग्रॅम पोहे कुरकुरीत भाजून वर टाकले, कांदा, कोथिंबीर, लिंबू, थोडे शेंगदाणे. बशी भरलेली दिसते, तोंडालाही बरी लागते, आणि पिष्ट निम्म्याजवळ येतं. दडपे पोहे हाही चांगला तोडगा. पातळ पोहे वजनाला हलके, 20 ग्रॅममध्येच मोठा वाडगा भरतो. ओलं खोबरं, काकडी, कांदा, टोमॅटो सढळ हाताने घातले की पोहे तोंडी लावण्यापुरते उरतात.

मिसळीला पथ्याच्या यादीत कुणी उभं करत नाही. खरं तर पाव आणि मूठभर फरसाण वजा केलं तर ती मधुमेह्याची उत्तम न्याहारी आहे. घोटाळा दोन पावांचा असतो. ते एकटेच 35-40 ग्रॅम कर्बोदकं आणतात. कट तेवढा बेताचा ठेवावा.

धिरड्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण रोज करता येईल असा हाच पदार्थ. हिरवे मूग सालासकट रात्री भिजवायचे. माणशी 40 ग्रॅम, म्हणजे लहान वाटीचा तिसरा हिस्सा. सकाळी आलं, मिरची, जिऱ्याबरोबर जाडसर वाटायचे. इथे तांदळाचं पीठ घालायचा मोह होतो, कुरकुरीत होतं म्हणून; तो टाळायचा. त्याऐवजी वाटण जरा कमी पाण्यात करावं, तवा चांगला तापू द्यावा आणि झाकण ठेवून एक वाफ आणावी. धिरडं तुटत नाही. किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेली मेथी त्यातच. दोन मध्यम धिरड्यांत 24 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, त्यांत सहाएक ग्रॅम तंतू, आणि नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं. पोट अकरा-बारापर्यंत शांत राहतं. बेसनाचं धिरडं घाईच्या दिवशी चालतं, पण डाळीचं साल गेलेलं असल्यामुळे ते मुगाच्या थोडं मागेच.

अंडी खाणाऱ्यांचं काम सोपं. एका अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदक एक ग्रॅमही नाही. दोन अंड्यांची भुर्जी, कांदा-टोमॅटो धरूनही पाच-सहा ग्रॅमच्या आत. न खाणाऱ्यांना पनीरची भुर्जी.

भाजणीचं थालीपीठ जावं कसं सोडून? सोडू नये, भाजणी बदलावी. ज्वारी-बाजरीचं प्रमाण उतरवून हरभराडाळ आणि उडीद वाढवावेत, तांदूळ गाळावेत. थालीपीठ लहान लावावं, त्यात पिठाइतकाच कोबी किंवा दुधी कालवावा आणि सोबत वाटीभर दही. लोण्याचा गोळा मात्र सुपारीएवढाच. कर्बोदकं कमी झाली म्हणून तुपालोण्याचे बांध फोडायचे नसतात. मधुमेह्याला हृदयाचंही पाहावं लागतं.

ज्वारी आली की एक गैरसमज दूर करायला हवा. ‘भाकरी चालते’ हे आपल्याकडे वेदवाक्य झालं आहे. मैद्यापेक्षा ज्वारी, नाचणी तंतूला सरस आहेत हे खरं, पण 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत 40 ग्रॅमच्या वरच कर्बोदकं आहेत. नाचणीची पेज, ओट्सची खीर, मल्टिग्रेन ब्रेड, ‘डायजेस्टिव्ह’ बिस्किटं ही सगळी त्याच गावची. साखरेऐवजी गूळ आणि गुळाऐवजी मध हा प्रवासही कुठे पोचत नाही. फळ चावून खावं, रस नको. आणि सकाळी सहाचा चहा? त्याच्याबरोबरची दोन मारी बिस्किटं कुणी नाश्त्यात धरतच नाही. दोन चमचे साखर, दूध आणि ती बिस्किटं मिळून 25 ग्रॅम होतात. नाश्त्याला बसण्याआधीच एक नाश्ता होऊन गेलेला असतो.

पोहे, इडली किंवा पोळी खायचीच असेल त्या दिवशी निदान क्रम पाळावा. न्यूयॉर्कच्या वेल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयाने 2015 साली 11 रुग्णांना तेच जेवण दोन क्रमांनी दिलं. ब्रेड आणि संत्र्याचा रस शेवटी घेतला तेव्हा तासाभरानंतरची शुगर, तो आधी घेतल्यापेक्षा सुमारे 37 टक्क्यांनी कमी निघाली. आधी पोटात गेलेली भाजी आणि प्रथिनं जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. म्हणजे काकडी-टोमॅटो आणि उसळ वा अंडं आधी, पाचदहा मिनिटांनी इडली. खर्च शून्य.

इथवर वाचून उद्यापासूनच सुरुवात करावीशी वाटली असेल, तर आधी औषधांची पट्टी हातात घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्यांचा डोस जुन्या नाश्त्याच्या मापाने ठरलेला असतो. नाश्ता अर्धा आणि गोळी पूर्ण, अशाने शुगर 70च्या खाली जाऊ शकते. हातांना कंप, घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं. चॉकलेट नको, त्यातली चरबी साखर पोचू देत नाही लवकर. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या घेणाऱ्यांनी कर्बोदकं एकदम फारच तोडली तर कीटोअॅसिडोसिसचा धोका असतो, तोही शुगर फारशी न वाढता. म्हणून तो लक्षात यायला उशीर होतो. टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण, हे डॉक्टरांशी बोलूनच. नुसतं मेटफॉर्मिन घेणाऱ्याला शुगर खूप उतरण्याची भीती कमी.

आपल्याला नेमकं काय मानवतं, हे ग्लुकोमीटर सांगतो. तोच नाश्ता दोन-तीन दिवस सारख्या मापाने करायचा. खाण्याआधी एकदा तपासायचं, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. शेवटच्या घासापासून नव्हे. इथे बरेच जण चुकतात. बोटं साबणाने धुऊन कोरडी करावीत, केळं सोललेल्या बोटावर 40-50 जास्तही दाखवू शकतं. खाण्याआधी 80 ते 130 आणि नंतर 180च्या खाली, हे बहुतेकांसाठी ठेवलं जाणारं लक्ष्य. चांगला मीटरही खऱ्या आकड्याच्या 15 टक्के इकडेतिकडे दाखवू शकतो, त्यामुळे 162 की 170 यावर डोकं शिणवू नये. पोह्यांच्या दिवशी 85ची वाढ आणि मुगाच्या धिरड्याच्या दिवशी 30ची, हा फरक मात्र मीटरची चूक नसतो. वहीत तारीख, नाश्ता, माप, आधीचा आकडा, नंतरचा आकडा एवढंच लिहावं. डॉक्टरांना डोस बदलताना हे पान तीन महिन्यांच्या एचबीए1सीइतकंच उपयोगी पडतं.

राहता राहिला उपास. गोळ्या चालू असताना निरंकार राहणं धोक्याचं, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेली एकादशी शुगरला जड. वरई आणि राजगिराही पिष्टच, पण राजगिऱ्यात प्रथिनं आहेत, म्हणून त्याची छोटी भाकरी बरी. ती दाण्याच्या आमटीत कुस्करण्याऐवजी आमटीच वाटीभर घ्यावी आणि भाकरी चतकोर. सोबत दह्यातली काकडीची कोशिंबीर, कूट घालून. त्यातही साखर नको.