जरा वर दाबून फिरव

जुनी गाडी ज्या घरात असते, त्या घरातल्या सगळ्यांना तिच्या खोडी तोंडपाठ असतात. मागचं डावं दार आतूनच उघडायचं. दुसरा गिअर टाकताना जरा दम धरायचा. आणि किल्ली? ती पूर्ण आत घालून मग केसभर मागे ओढायची, जरा वर दाबायची आणि फिरवायची. आमच्या सत्तावीस वर्षांच्या पेट्रोल गाडीची ही खुबी मी दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला शिकवत होतो. खरं सांगायचं तर तिचा थोडा अभिमानच वाटायचा. चोराला हे कुठून जमायला!

गेल्या मे महिन्यात सुप्यात ते मलाही जमेना.

नगरहून पुण्याकडे निघालं, की केडगाव, चास, कामरगाव मागे पडतं आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर सुपा येतं. (शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याच्या जोडीने ज्याचं नाव घेतात ते सुपे बारामती तालुक्यातलं. हे पारनेर तालुक्यातलं.) डोंगरावर पवनचक्क्या, खाली एमआयडीसी आणि महामार्गावर कंटेनरची रांग. पाऊस मुळातच कमी, त्यात उन्हाळा, त्यामुळे धूळ सतत सोबतीला. चहा पिऊन गाडीत बसलो, किल्ली घातली, मागे ओढली, वर दाबली. ढिम्म. काढली, पुसली, फुंकर मारली, परत घातली. किल्ली वाकायला लागली तेव्हा भानावर आलो. आणखी जोर लावला असता तर अर्धी किल्ली हातात राहिली असती आणि अर्धी आत.

पलीकडच्या पंक्चरच्या दुकानातून एक तरुण मिस्त्री आला. त्याने आधी स्टिअरिंग धरलं, ते डावी-उजवीकडे हलवत राहिला आणि दुसऱ्या हाताने किल्ली हलकेच फिरवून पाहिली. या क्रियेत अर्ध्या तक्रारींचं उत्तर आहे. गाडी बंद करून किल्ली काढली, की आतली एक लोखंडी खिटी स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत जाऊन बसायला मोकळी होते. चाकं वळलेल्या अवस्थेत किंवा दगडाला टेकून गाडी उभी असेल, तर दांडा त्या खिटीला रेटत राहतो. रेटलेली खिटी मागे सरकत नाही, ती सरकत नाही म्हणून किल्ली फिरत नाही. स्टिअरिंग हलवून ताण सोडवला की काम झालं. कुलपात दोष नसताना कुलूप बदलून घेतलेली माणसं मला माहीत आहेत.

माझं काम मात्र तेवढ्यावर भागलं नाही.

“दुसरी किल्ली आहे का, काका?”

दुसरी किल्ली अर्थातच घरी, कपाटात.

त्याने माझी किल्ली उजेडात धरली. तिचे दात म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखे झिजून गुळगुळीत झाले होते. “कधीपासून अशी दाबून फिरवताय?” मी म्हटलं, दोन वर्षं झाली. तो हसला आणि कॉम्प्रेसरचा पाइप ओढून आणायला गेला.

तो येईपर्यंत कुलपाच्या आत डोकावू. किल्ली जिथे घालतो त्या पितळी किंवा जस्ताच्या गोल तुकड्याला मिस्त्री ‘बॅरल’ म्हणतात. त्याच्या आत एकामागे एक पातळ पत्त्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पत्तीला छोटी स्प्रिंग आणि मधोमध भोक. किल्ली बाहेर असताना पत्त्यांची टोकं बॅरलच्या बाहेर डोकावतात, बाहेरच्या नळीच्या खाचेत अडकतात आणि बॅरलला फिरू देत नाहीत. योग्य किल्ली आत गेली, की तिचा प्रत्येक दात आपापल्या पत्तीला बरोबर तेवढंच सरकवतो, सगळी टोकं आत ओढली जातात आणि बॅरल मोकळं होतं. एक जरी पत्ती केसभर वर-खाली राहिली तरी संपलं. सगळा खेळ मिलिमीटरच्या अंशांचा आहे.

किल्ली झिजली की दात बुटके होतात, पत्त्या पुऱ्या उचलल्या जात नाहीत. मग आपण किल्ली मागे ओढतो, वर दाबतो, म्हणजे झिजलेला दात पत्तीखाली कसाबसा नेऊन बसवतो. आपण ज्याला खुबी म्हणतो ते खरं तर कुलपाचं कण्हणं असतं. आणि तिरक्या दाबाने पत्त्या आणखी तिरक्या झिजतात. म्हणजे ज्या युक्तीने गाडी चालू राहते, तीच युक्ती कुलूप संपवत नेते.

त्यात धूळ आणि तेल. कुलूप अडलं की आपण शिवणयंत्राचं तेल सोडतो. चार दिवस लोण्यासारखं चालतं. मग तेलावर धूळ बसते आणि आत काळा लगदा होतो, स्प्रिंगा त्यात रुततात. कुलपाला कोरडं वंगण लागतं, म्हणजे ग्राफाइटची भुकटी. ती नसेल तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासून किल्ली पाच-दहा वेळा आत-बाहेर करावी.

मिस्त्रीने बॅरलमध्ये हवा मारली, कसलासा स्प्रे उडवला, पुन्हा हवा मारली. फडक्यावर काळं पाणी उतरलं. किल्ली फिरली. “पुण्यापर्यंत जाल. पण आतून गेलंय. आणि हे एवढं ओझं कशाला?” त्याने माझा जुडगा हातात तोलला. घराच्या तीन किल्ल्या, ऑफिसचं कपाट, स्कूटर, बँकेचा लॉकर आणि पितळेची एक भलीमोठी मूर्ती.

या ओझ्यापायी जगातली एक मोठी कार कंपनी गोत्यात आली आहे. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने २०१४ साली शेवर्ले कोबाल्ट, सॅटर्न आयन वगैरे सुमारे २६ लाख गाड्या इग्निशन स्विचसाठी परत बोलावल्या. बॅरलमागच्या विजेच्या स्विचमधली, किल्लीला ‘ऑन’वर धरून ठेवणारी छोटी स्प्रिंग कमकुवत होती. खड्ड्याचा दणका, जड जुडग्याचा झोका किंवा गुडघ्याचा धक्का एवढ्याने किल्ली मागे घसरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि नेमक्या टकरीच्या क्षणी एअरबॅगही बंद. नुकसानभरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं. २०१५ मध्ये कंपनीने फौजदारी चौकशी मिटवताना ९० कोटी डॉलर भरले. कंपनीतल्या अभियंत्यांना दोष कित्येक वर्षं आधीपासून ठाऊक होता, हेही चौकशीत निघालं. मोठ्या कंपन्याही ‘जरा जपून फिरव’ म्हणत दिवस काढतात तर!

विजेचा हा स्विच आणि कुलूप या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि निदानात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एका किल्लीवर ही कामं हळूहळू लादली गेली. चार्ल्स केटरिंगचा विजेचा सेल्फ स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि हँडल मारणं थांबलं, पण त्यानंतरही कित्येक वर्षं किल्ली फक्त वीज चालू-बंद करायची. सेल्फसाठी वेगळं बटण, आपल्या जुन्या जीपमध्ये तर ते पायाने दाबायचं. किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची पद्धत १९४९ मध्ये क्रायस्लरने आणली. आणि १९७० पासून अमेरिकेत किल्ली काढल्यावर स्टिअरिंग किंवा गाडीची चाल अडलीच पाहिजे असा नियम झाला. कुलूप, स्विच आणि स्टिअरिंगची खिटी असे तिघं भाडेकरू एका खोलीत आले.  याउलट दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला सुरुवातीला असलेली किल्ली सैन्याने काढून टाकली आणि साधा खटका बसवला. लढाईत किल्ली शोधत कोण बसणार?

डिझेलचा मामला आणखी वेगळा. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते, तेव्हा ‘इग्निशन’ हे नावही तिथे उसनंच. जुन्या डिझेल जीपा आणि ट्रॅक्टर बंद करायला वेगळी दांडी ओढावी लागे. वडापवाल्यांच्या जीपा किल्लीवाचून उतारावर सुरू होत आणि दांडी ओढून बंद होत, ते याच कारणाने.

तर किल्ली फिरत नसेल तर दोष बॅरलचा किंवा खिटीचा. किल्ली फिरते पण गाडी सेल्फ घेत नाही, तर स्विचकडे वळायचं. पण त्याआधी हेडलाइट लावून पाहावेत. जुन्या बहुतेक गाड्यांत ते किल्लीशिवाय लागतात. प्रकाश पिवळा, मंद पडला तर बॅटरीच उतरलेली आहे. प्रकाश लख्ख असेल तर बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प घ्यावा. त्याचं एक टोक गाडीच्या लोखंडाला, दुसरं स्टार्टरवरच्या बारीक वायरीच्या टोकाला. गिअर न्यूट्रलला आहे ना, हे पाहून कुणाला तरी किल्ली ‘स्टार्ट’वर धरायला सांगावं. दिवा लख्ख लागला तर स्विच निर्दोष, खोट पुढे स्टार्टरमध्ये. मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर खोट मागे, स्विचमध्ये किंवा वायरीत. बॅटरीपासून येणारी, इंजिनाला जाणारी आणि सेल्फला जाणारी, अशा वायरींवर युरोपीय पद्धतीच्या गाड्यांत अनुक्रमे ३०, १५ आणि ५० हे आकडे असतात. ते दिसले तर काम सोपं.

स्विचमधले तांब्याचे काँटॅक्ट का जळतात? स्टार्टर मोटरचे शंभर-दीडशे अँपिअर जाड केबलने परस्पर जातात, ते स्विचमधून जात नाहीत. पण त्या मोटरला जोडून देणाऱ्या सोलेनॉइडचा प्रवाह, इंजिनाच्या कॉइलचा, वायपरचा, पंख्याचा, असे बरेच प्रवाह जुन्या गाडीत याच चिमुकल्या स्विचमधून जातात. दरवेळी बारीक ठिणगी, दरवेळी थोडी काजळी. खड्ड्यात डॅशबोर्डचे दिवे मिचकले, वायपर मध्येच थांबला, किल्ली हलवल्यावर इंजिन सावरलं, तर स्विच शेवटच्या घटका मोजतोय. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठावं. किल्ली ‘स्टार्ट’वरून आपोआप मागे येत नसेल तर तिलाही लगेच हाताने आणायचं. नाही तर इंजिन सुरू झाल्यावरही सेल्फ फिरत राहतो आणि जळतो. नवा स्विच बसवताना सेल्फच्या वायरीत एक रिले घालून घेतला, तर जड प्रवाह रिलेमधून जातो आणि स्विचला विश्रांती मिळते. माझ्या मते जुन्या गाडीवर केलेला हा सगळ्यात शहाणा खर्च.

पुण्यात पोचल्यावर मी ओळखीच्या किल्लीवाल्याकडे गेलो. झिजलेल्या किल्लीवरून नवी किल्ली काढणं म्हणजे झेरॉक्सचा झेरॉक्स. झीजही हुबेहूब उतरते. कपाटातली दुसरी किल्ली धड असेल तर तिच्यावरून काढावी. बऱ्याच गाड्यांबरोबर किल्लीचा नंबर कोरलेली छोटी पट्टी येते, तीही चालते. माझ्याकडे पट्टी नव्हती आणि दुसरी किल्लीही पहिलीची बहीण निघाली. तेव्हा त्याने सोडवलं ते शेजारच्या सीटकडच्या दाराचं कुलूप. एकच किल्ली सगळीकडे चालते, पण त्या दाराला वर्षानुवर्षं कुणी किल्ली लावत नाही. त्यातल्या पत्त्या कोऱ्या करकरीत. त्यांच्यावरून त्याने मूळ मापाची किल्ली कापली.

बॅरलमधल्या दोन पत्त्या मात्र बदलाव्या लागल्या. काही जण अडणाऱ्या पत्त्या सरळ काढूनच टाकतात. गाडी सुरू होते, पण तितकंच कुलूप कमी होतं, आणि मग कुठलीही किल्ली फिरते. अख्खं कुलूप बदलायचं तर आधी बॅटरीची ऋण तार सोडायची. ते ज्या बोल्टांनी धरलेलं असतं त्यांची डोकी कारखान्यातच आवळताना मुद्दाम तोडलेली असतात, चोराला पाना लावता येऊ नये म्हणून. छिन्नीने ठोकत फिरवून किंवा ड्रिलने ते काढावे लागतात. हे घरी करू नये. आणि नुसतं इग्निशनचं कुलूप बदललं तर दारांना एक किल्ली, गाडीला दुसरी. अख्खा लॉकसेट घेतला तर एकच राहते. ज्या गाड्यांच्या किल्लीत चिप आहे त्यांना दात जुळूनही उपयोग नाही. गाडीच्या संगणकाने चिप ओळखली नाही तर इंजिन सुरूच होत नाही, त्यामुळे तिची नोंद करून घ्यावी लागते.

एक कागदी काम आपण हमखास विसरतो. गाडी चोरीला गेली, तर विमा कंपनी दावा मंजूर करण्याआधी मूळ किल्ल्या मागते, दोन्ही. कुलूप बदललं असेल तर पावती जपून ठेवावी, जुन्या किल्ल्याही फेकू नयेत. नाही तर नसलेल्या किल्लीचा हिशेब देत बसावं लागतं.

माझी किल्ली आता एकटीच असते, मूर्ती देवघरात गेली. परवा मुलगा गाडी घेऊन गेला आणि पाचच मिनिटांत जिना चढून वर आला. “बाबा, किल्ली नुसतीच फिरतेय. काही बिघडलंय का?”