डायलिसिस रुग्णांसाठी संगीतोपचार

डायलिसिस रुग्णांसाठी संगीतोपचार म्हणजे मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांची चिंता, वेदना व कंटाळा कमी व्हावा म्हणून डायलिसिसच्या काळात संगीताचा केलेला हेतुपूर्वक वापर. हा पूरक उपचार आहे. संगीताने रक्तातील युरिया, क्रिएटिनीन किंवा पोटॅशियम कमी होत नाही. त्यामुळे डायलिसिसची पाळी, पाण्याचे बंधन, पथ्य व औषधे यांपैकी कशाचीही जागा ते घेऊ शकत नाही.

पार्श्वभूमी

हीमोडायलिसिसमध्ये रुग्णाचे रक्त यंत्रातील गाळणीतून फिरवून शुद्ध केले जाते. एक पाळी साधारणतः ४ तासांची असते. आठवड्यातून ३ पाळ्या अपेक्षित असल्या, तरी भारतात खर्च व अंतर यांमुळे अनेकांच्या २च होतात. रक्त काढण्यासाठी व परत सोडण्यासाठी हाताच्या फिस्च्युलामध्ये दोन जाड सुया टोचतात. फिस्च्युला म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी व शीर यांची घातलेली सांगड. ही पद्धत अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. सुया असेपर्यंत तो हात हलवता येत नाही. रक्तदाब उतरणे, पायात गोळे येणे, अंगाला खाज सुटणे, मळमळ हे त्रास नेहमीचे आहेत. त्यांच्या जोडीला सुईची धास्ती व पुढील आयुष्याची काळजी असते, आणि नैराश्य या रुग्णांमध्ये बरेच आढळते. ठरलेल्या दिवशी, एकाच खुर्चीत, एक हात स्थिर ठेवून काढायचा हा वेळ संगीतोपचाराला सोयीचा ठरतो, कारण श्रवणासाठी रुग्णाला वेगळे यावे लागत नाही.

संज्ञा

परिचारिकेने किंवा कुटुंबीयांनी रुग्णाला ध्वनिमुद्रित संगीत ऐकवणे आणि प्रशिक्षित संगीतोपचारकाने रुग्णाशी बोलून, त्याच्यासोबत गाऊन किंवा वाजवून सत्रे घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोलीभाषेत दोहोंनाही संगीतोपचार म्हणतात. डायलिसिसविषयीचे बहुसंख्य अभ्यास पहिल्या प्रकाराचे आहेत, हे त्यांचे निष्कर्ष वाचताना लक्षात ठेवावे लागते.

इतिहास

आधुनिक संगीतोपचाराचे शिक्षण अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुरू झाले. मिशिगन राज्य विद्यापीठात १९४४ मध्ये त्याचा पदवी अभ्यासक्रम निघाला आणि १९५० मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. महाराष्ट्रात नाद व शरीर यांच्या संबंधाचा विचार त्याहून कितीतरी जुना आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने १३व्या शतकात रचलेल्या 'संगीतरत्नाकर' या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात मानवी देहाच्या उत्पत्तीचे प्रकरण येते. मात्र तेथे देहाचे वर्णन नाद कोठून उपजतो हे सांगण्यासाठी आहे. त्याला रोगचिकित्सेचा ग्रंथ मानणे योग्य नव्हे. अलीकडच्या काळात मुंबईत सतारवादक शशांक कट्टी यांनी 'सूर संजीवन' या नावाने राग व आयुर्वेद यांची सांगड घालणारी पद्धत मांडली आहे.

अमुक रोगावर अमुक राग अशा याद्या मराठीत पुष्कळ प्रसृत आहेत. एखाद्या विशिष्ट रागाने निकामी मूत्रपिंड सुधारते याला पुरावा नाही. अशा यादीवर विसंबून डायलिसिसची पाळी चुकवल्यास शरीरात पाणी व पोटॅशियम साठते; त्यातून धाप लागणे, हृदयाची लय बिघडणे आणि मृत्यूही संभवतो.

अभ्यास व निष्कर्ष

ग्रीसमध्ये झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांनी स्वतः निवडलेले संगीत पाळीदरम्यान ऐकवण्यात आले. संगीत न ऐकलेल्या गटाच्या तुलनेत त्यांची चिंता व वेदनेची जाणीव कमी आढळली. तुर्कस्तानात तुर्की संगीताचा वेदना, मळमळ व गोळे येणे यांवरील परिणाम तपासला गेला. इटलीत रुग्णांपुढे प्रत्यक्ष गायन करून पाहण्यात आले. ब्राझीलमध्ये संगीतोपचारकांच्या सत्रांनंतर नैराश्याची लक्षणे कमी झाल्याचे नोंदवले गेले, मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

चिंता कमी होते, हा या सर्वांतील सर्वांत भक्कम निष्कर्ष होय. वेदनेबाबतही कल अनुकूल आहे. आयुर्मान वाढते किंवा डायलिसिस अधिक परिणामकारक होते, असे दिसून आलेले नाही. बहुतेक अभ्यास लहान व अल्पकाळाचे आहेत. शिवाय आपण संगीत ऐकत आहोत हे रुग्णापासून लपवता येत नसल्याने अपेक्षेचा परिणाम वेगळा काढता येत नाही. तरीही खर्च नगण्य व धोका अल्प असल्याने एवढा पुरावाही वापरासाठी पुरेसा मानावयास हरकत नाही.

संगीताची निवड

संशोधनात प्रायः मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांचे, संथ व शब्दविरहित संगीत सुचवलेले आढळते. प्रत्यक्षात रुग्णाची आवड हा अधिक महत्त्वाचा निकष ठरतो. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड तालुके याचे चांगले उदाहरण आहेत. तेथे गावोगावी भजनी मंडळे व हरिनाम सप्ताहाची परंपरा आहे. वारली समाजात तारपा, तर ठाकर समाजात कांबडनाच आहे. टाळ-मृदंगाच्या गजरात वाढलेल्या माणसाला बासरीची अनोळखी ध्वनिफीत शांत करीलच असे नाही. तारपा हे तर नाचाचे वाद्य. ते ऐकून स्वस्थ पडून राहणे ऐकणाऱ्यालाच चमत्कारिक वाटेल. एखाद्या गाण्याशी दुःखद आठवण जोडलेली असू शकते, म्हणून संगीत सुरू करण्यापूर्वी रुग्णाला विचारणे आणि नको म्हटल्यास बंद करणे आवश्यक आहे.

भजनात टाळी वाजवण्याची सवय असलेल्या रुग्णाने सुया असलेला हात हलवू नये. सुई सरकल्यास रक्तस्राव होतो. दुसऱ्या हाताने मांडीवर ठेका धरणे किंवा हलक्या आवाजात गुणगुणणे चालते.

प्रवास आणि ग्रामीण रुग्ण

भातसा प्रकल्पासाठी वसलेले भातसानगर शहापूर तालुक्यात आहे. शहापूरला जवळचे रेल्वे स्थानक कल्याण–कसारा मार्गावरील आसनगाव होय. मुरबाडला रेल्वे नसल्याने कल्याणपर्यंतचा प्रवास रस्त्यानेच होतो. डायलिसिससाठी कल्याण, उल्हासनगर किंवा ठाण्याकडे जाणाऱ्या येथील रुग्णाचा ४ तासांच्या पाळीसाठी जवळजवळ सबंध दिवस जातो. सकाळची पाळी असल्यास घर पहाटेच सोडावे लागते. परतीच्या वेळी थकवा अधिक असतो. अशा रुग्णाच्या बाबतीत संगीताचा विचार खुर्चीपुरता न करता प्रवासासह करणे इष्ट. मोबाइलमध्ये गाणी आधीच उतरवून ठेवल्यास घाटात किंवा गाडीत नेटवर्क नसताना अडचण येत नाही.

उपचाराचा खर्च २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून व राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून पात्र रुग्णांसाठी भागवला जातो. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली होती.

दक्षता

हेडफोनमुळे यंत्राची धोक्याची घंटा किंवा परिचारिकेची हाक ऐकू न येणे ही मुख्य अडचण होय. यंत्रावर लक्ष ठेवणे हे कर्मचाऱ्यांचे काम असले, तरी चक्कर, घाम किंवा छातीत दुखणे रुग्णालाच प्रथम जाणवते. म्हणून एकाच कानात इअरफोन घालणे बरे. सुया टोचताना व काढताना मात्र संगीत सर्वाधिक उपयोगी पडत असल्याने ते काही मिनिटे आधी सुरू करतात. इअरफोन प्रत्येकाचा स्वतःचा असावा. सामायिक हेडफोन दर रुग्णानंतर निर्जंतुक करावा लागतो. सर्व खाटांसाठी एकच ध्वनिक्षेपक लावणे सोपे असले, तरी शेजारच्याला ते संगीत टाळता येत नाही.

मूत्रपिंडविकारात श्रवणदोषाचे प्रमाण अधिक असते आणि काही प्रतिजैविकेही कानाला इजा करतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही मर्यादा सांगितली आहे.

फिस्च्युलाला स्वतःचाही एक आवाज असतो. कान लावल्यास वाहत्या रक्ताची सलग घरघर ऐकू येते व बोटांना थरथर जाणवते. ती रोज तपासण्यास रुग्णांना शिकवले जाते. ती थांबल्यास आत गुठळी झाल्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे लागते.

घरगुती डायलिसिस

पोटातील पडद्याद्वारे घरी होणाऱ्या पेरिटोनियल डायलिसिसचा समावेश राष्ट्रीय कार्यक्रमात २०१९ मध्ये झाला. त्यात दिवसातून साधारणतः ४ वेळा द्रव बदलावा लागतो व प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास लागतो. त्या वेळी संगीत ऐकता येते, परंतु मोबाइलवर जंतू असल्याने गाणे हात धुण्यापूर्वीच सुरू करावे आणि नळी पुन्हा बंद होईपर्यंत मोबाइलला हात लावू नये.