पन्नाशीला मिळालेला नारळ

१९ एप्रिल २०२१ रोजी फायरफॉक्स ब्राउझरची ८८वी आवृत्ती आली, ती एफटीपी बंद करूनच. ‘फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल’चा पहिला आराखडा १६ एप्रिल १९७१चा. म्हणजे पन्नाशी पुरी झाली आणि तिसऱ्या दिवशी नारळ हातात पडला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या मंडळींनी काही पंचांग पाहून तारीख काढली नसणार. क्रोमने त्याआधीच, जानेवारीत, एफटीपीला बाहेरचा रस्ता दाखवला होता. पुढे जुलैत फायरफॉक्सने आणि ऑक्टोबरात क्रोमने त्याचा उरलासुरला कोडही काढून टाकला. बहुतेकांना याचा पत्ताही लागला नाही.

तो आराखडा लिहिला होता अभय भूषण यांनी. अलाहाबादचा जन्म, कानपूरच्या आयआयटीची पहिली तुकडी, १९६५ची पदवी, मग अमेरिकेत एमआयटी. अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावर तेव्हा मोजकीच विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, आणि त्यांच्या यंत्रांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एकाचा शब्द ३६ बिटांचा, दुसऱ्याचा ३२. एकाकडे ‘अ’ अक्षराला जो आकडा, तो दुसऱ्याकडे भलत्याच अक्षराचा. त्यामुळे फाइल नुसती ढकलून चालत नसे; ती मजकूर आहे की निव्वळ बिटांची रास, हे आधी सांगावं लागे. ही सोय पुढे त्रासाचीही ठरली. फोटो चुकून ‘मजकूर’ म्हणून पाठवला की ओळ संपल्याच्या खुणा समजून त्यातले बाइट बदलले जात आणि पलीकडे फोटोचा चुथडा पोचे.

१९७२मध्ये याच प्रोटोकॉलमध्ये निरोप पाठवण्याच्या आज्ञा घातल्या गेल्या आणि ईमेलही काही वर्षं त्याच्याच पाठीवरून गेली. ईमेलसाठी वेगळा प्रोटोकॉल १९८२मध्ये ठरला. आज एफटीपी म्हणून जो ओळखला जातो त्याचं प्रमाण रूप १९८५चं, जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी नेमकं केलेलं.

वेब येण्याआधी सार्वजनिक फाइलींचं कोठार म्हणजे एफटीपी. ‘अ‍ॅनॉनिमस’ या नावाने आत शिरायचं, पासवर्ड म्हणून शिष्टाचारापुरता आपला ईमेल पत्ता द्यायचा, हवं ते उचलायचं. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे शोधायला अ‍ॅलन एमटेज यांनी १९९०मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ‘आर्ची’ तयार केलं. शोधयंत्रांच्या घराण्यातलं ते मूळ पुरुष. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१मध्ये आपली नवी ऑपरेटिंग सिस्टीम फिनलंडमधल्या एका एफटीपी सर्व्हरवर ठेवली. त्याच्या मनातलं नाव होतं ‘फ्रीक्स’. सर्व्हर सांभाळणाऱ्या आरी लेमके यांनी फोल्डरला परस्पर ‘लिनक्स’ नाव दिलं आणि बारसं तिथेच उरकलं.

मग बिघडलं कुठे? एफटीपी एका वेळी दोन जोडण्या वापरतो. पहिलीवरून, सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर, आज्ञा जातात. प्रत्यक्ष फाइल दुसरीवरून येते. मूळ पद्धतीत ही दुसरी जोडणी सर्व्हर उघडतो. वाण्याला फोनवर यादी सांगावी, फोन चालू ठेवावा आणि मालाचा पोऱ्या आपणहून दाराशी यावा, तसा हा व्यवहार. वाड्याचा दरवाजा दिवसभर सताड उघडा होता तोवर ठीक. पुढे सोसायटी झाली, फाटकावर वॉचमन बसला आणि तो पोऱ्याला आत सोडेना. इंटरनेटवरचा हा वॉचमन म्हणजे फायरवॉल.

घरोघरच्या राउटरने आणखी घोळ घातला. संगणक सर्व्हरला आपला पत्ता सहा आकड्यांत कळवतो: १९२,१६८,१,५,१९५,८०. पहिले चार आयपी पत्त्याचे. शेवटच्या दोनांतून पोर्ट निघतो, १९५ गुणिले २५६ अधिक ८०, म्हणजे ५००००. पण १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता घरापुरताच खरा, बाहेरच्या सर्व्हरला त्याचा उपयोग शून्य. म्हणून राउटर चालत्या संभाषणात डोकावून आकडे बदलू लागले. दुसरी जोडणीही ग्राहकानेच उघडायची ‘पॅसिव्ह’ पद्धत होती, ब्राउझर तीच वापरत, तरी सर्व्हरच्या बाजूच्या फायरवॉलची कटकट उरलीच. आणि सगळं संभाषण कूटबद्ध करावं, तर मदतीला आलेल्या राउटरला आतलं काही दिसेना!

कूटबद्ध करणं तर भागच होतं, कारण एफटीपीत पासवर्ड उघड्या अक्षरांत जातो. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कुणीतरी असे उघडे पासवर्ड टिपले; त्या प्रकारानंतर तातू इलोनेन यांनी एसएसएच हा कूटबद्ध जोडणीचा प्रोटोकॉल लिहिला. त्यावर चालणारा एसएफटीपी नावाने भाऊ वाटतो, पण तो एफटीपीच्या कुळातला नव्हेच. पासवर्ड नसला तरी धोका असतोच: वाटेत कुणी फाइल बदलली तर घेणाऱ्याला कळणार कसं?

फायली आणण्याचं काम वेबचा प्रोटोकॉल एचटीटीपीएस एकाच जोडणीत, कूटबद्ध करून करत होता. एफटीपी मात्र फोल्डरची यादी कशी द्यावी याचा जुन्या प्रमाणात साचाच देत नाही. प्रत्येक सर्व्हर आपल्या तऱ्हेने यादी छापणार आणि ब्राउझरने तारीख कुठली, नाव कुठलं हे ताडायचं. असा अंदाजपंचे कोड मूठभर लोकांसाठी सांभाळणं म्हणजे घुसखोरांसाठी खिडकी राखून ठेवणं. लिनक्सचं स्वतःचं केर्नल डॉट ऑर्ग आणि लिनक्सवर बेतलेली डेबियन यांनीही २०१७मध्येच सार्वजनिक एफटीपी आवरता घेतला होता. ब्राउझरवाल्यांचा निर्णय मला तरी योग्य वाटतो.

चुटपुट आहे ती शोधनिबंधांची. १९९० आणि २०००च्या दशकांतल्या कितीतरी निबंधांच्या तळटीपांत विदेचा पत्ता एफटीपीचाच आहे. जनुकक्रम, उपग्रहांच्या कक्षा, हवामानाच्या नोंदी पूर्वी त्या पत्त्यावर एक टिचकी मारून उघडत. आता ब्राउझर ते काम दुसऱ्या प्रोग्रॅमवर ढकलतो किंवा हात वर करतो. काही संस्थांनी वेळीच सोय केली: अमेरिकेच्या एनसीबीआयचं जनुकविदेचं कोठार आता एचटीटीपीएसवरूनही उघडतं. ज्या प्रयोगशाळांचा सर्व्हर एखाद्या निवृत्त प्राध्यापकाच्या भरवशावर होता, तिथे कोण लक्ष घालणार?

ब्राउझरबाहेर एफटीपी अजून पोटापाण्याला लागलेला आहे. क्रिकेटच्या मैदानाच्या कडेला बसणाऱ्या छायाचित्रकारांच्या महागड्या कॅमेऱ्यांत तो आतच बसवलेला असतो. शटर दाबल्यावर फोटो थेट संपादकीय कचेरीच्या सर्व्हरकडे निघतो. आणि वाचकांपैकी कुणाला जुना एफटीपी पत्ता सापडलाच, तर सुरुवातीचं ‘एफटीपी’ खोडून ‘एचटीटीपीएस’ लिहून पाहावं. बऱ्याचदा तेच फोल्डर उघडतं. नाहीच उघडलं तर फाइलझिला हा फुकट प्रोग्रॅम आहे.