साडेत्रेसष्ट अंशांचं आभाळ

घरात पुरेसा उजेड हवा, हे सगळ्यांनाच पटतं. पण 'पुरेसा' म्हणजे किती, हे नियमात लिहायचं कसं? उजेड ढगागणिक बदलतो आणि ऋतूगणिकही. मुंबईच्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने शंभरेक वर्षांपूर्वी यावर अफलातून तोडगा काढला. उजेड मोजायचाच नाही, कोन मोजायचा! खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत तिरकी रेघ ओढा. तिचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा निघाला, तर समोरची इमारत एक तर फार उंच आहे, नाही तर फार जवळ.

साडेत्रेसष्टच का? दहावीतली त्रिकोणमिती आठवा. टॅन ६३.५ अंश म्हणजे जवळजवळ नेमके २. थोडक्यात, समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्मी मोकळी जागा मध्ये हवी. चाळीस फुटी चाळीपुढे वीस फूट. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये याच नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला.

गंमत म्हणजे हा नियम बारमाही उन्हाची हमी देत नाही. मुंबई १९ अंश उत्तरेला. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी दुपारचा सूर्य ७१ अंशांवर असतो, म्हणजे समोरची इमारत दक्षिणेला असली, तरी तो तिच्या छपरावरून डोकावतो. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तो जेमतेम साडेसत्तेचाळीस अंश चढतो आणि छपराआडच राहतो. बारा महिने मिळतो तो आभाळाचा तुकडा.

या नियमामागे भीती होती प्लेगची. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि शहर हादरलं. रोग अंधारात, ओलीत, कोंदट हवेत मुरतो अशी तेव्हाची ठाम समजूत. म्हणून घरांवरची कौलं काढून आत ऊन सोडलं गेलं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही अक्षरं रंगवली गेली. १८९८ मध्ये दाट वस्त्या पाडून शहर मोकळं करायला ट्रस्ट स्थापन झाला. पाडापाडी झपाट्याने झाली, नवी घरं मात्र रेंगाळली. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरली.

आणि त्याच १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवून दिलं, की प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात. म्हणजे अंधारावर ठेवलेला आरोपच चुकीचा!

तरी नियम वाया गेला नाही, कारण अंधारात खरोखर टिकून राहणारा रोग दुसराच होता: क्षय, म्हणजे टीबी. क्षयाचे जंतू उन्हात काही मिनिटांपासून काही तासांत मरतात, आणि खिडकीजवळच्या नुसत्या उजेडातही पाच-सात दिवसांत, हे रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्येच सांगितलं होतं. त्यात मोकळ्या जागेतून वाहणारा वारा खोकल्यातून उडालेले जंतू पांगवतो. प्लेगच्या धास्तीने घडलेला कोन प्लेगपेक्षा क्षयावर अधिक लागू पडणारा निघाला.

आता हाच कोन आजच्या मुंबईतल्या गोवंडीला लावून पाहा. झोपडपट्टीवासीयांच्या पुनर्वसनासाठी उभ्या राहिलेल्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये सात-आठ मजली इमारतींमधलं अंतर सुमारे ३ मीटर आहे. अशा वसाहतींतला अंधार आणि कोंडलेली हवा यांचा टीबीशी संबंध असल्याचं २०१८ मधल्या एका अभ्यासात आढळलं. ऑरसाहेबांच्या हिशेबाने ३ मीटरच्या फटीपुढे ६ मीटर उंची चालते, म्हणजे दोन मजले. सात मजल्यांसाठी सुमारे २१ मीटर उंची धरली, तर मध्ये साडेदहा मीटर हवेत.

हे तपासायला ना प्रयोगशाळा लागते, ना तज्ज्ञ. एक टेप आणि दोनचा पाढा पुरतो. पुनर्विकासाचा नकाशा सोसायटीच्या सभेत येईल, तेव्हा फ्लॅटच्या चौरस फुटांआधी दोन इमारतींमधलं अंतर विचारावं. तळमजल्यावर राहणाऱ्यांची तब्येत त्या आकड्यावर ठरणार असते.