विंगेतली अमानत

मुलगी किंवा मुलगा कॉलेजच्या एकांकिकेत आहे म्हटले की आपण घरचे विचारतो, "कोणती भूमिका?" "बॅकस्टेजला आहे," हे उत्तर ऐकून मग आपला चेहरा उतरतो. तो उतरू नये, असे आम्हाला वाटते.

पुण्यात १९६३ पासून महाविद्यालयांसाठी पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा होते. भरत नाट्य मंदिरात एका संघाचा सेट निघतो न निघतो तोच दुसऱ्याचा लावायचा असतो. अशा वेळी रंगमंच व्यवस्थापकाच्या सहायकाचा कस लागतो. कोणी कुठून यायचे, दिवे कधी मंद व्हायचे, हे त्याने तालमीत संहितेवर पेन्सिलीने टिपलेले असते. पेन्सिलीनेच, कारण दिग्दर्शक उद्या बदल करणार! विंगेतल्या टेबलावर चौकोन आखून चष्मा, किल्ली, पत्र यांच्या जागा त्याने ठरवलेल्या असतात. चौकोन रिकामा दिसला, की वस्तू जागेवर नाही हे लगेच कळते. अंधारात खुर्ची नेमकी ठेवता यावी म्हणून जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात.

नटाने खिशात हात घातला आणि पत्रच नसले, तर सगळ्यांची महिनाभराची मेहनत अडते. दुसऱ्याची वस्तू वेळेवर, जशीच्या तशी हाती देणे म्हणजे अमानत सांभाळणेच.

तालीम किती वाजता संपते, परतताना सोबत कोण असते, हे आईवडिलांनी जरूर विचारावे. मात्र एकदा तरी प्रयोगाला जावे आणि नंतर लेकराला विचारावे, "आज टेबलावर काय काय होते?"