चणे आहेत, दातही बसतील!

येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, निलंग्याच्या शिवारात कोपी उभी राहिली की आंबील आणि भज्जी बोळक्या तोंडालाही चालते. अडतं ते पुढे. खरपूस धपाटं, बाजरीचा उंडा, भाजलेल्या शेंगा, मग हुरडा. इथे कवळीची खरी परीक्षा असते आणि त्यात नापास होते ती बहुधा खालची.

दोष कवळीचा नाही, जागेचा. वरची कवळी टाळूला घट्ट बसते, लाळेचा पातळ थर तिला धरून ठेवतो. खाली टाळूच नाही. हिरडीची अरुंद पट्टी आणि मध्ये सतत वळवळणारी जीभ, एवढाच आधार. त्यात दात गेले की हाडही झिजायला लागतं. कवळी वापरणाऱ्यांचे जबडे २५ वर्षं तपासलेल्या टालग्रेन या संशोधिकेने १९७२ साली दाखवून दिलं की खालचं हाड वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतं. म्हणूनच ‘आधी छान बसायची, आता हलते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते.

यावरचा उपाय सापडला सशाच्या पायात! १९५२ साली स्वीडनचे पेर-इंगवार ब्रोनेमार्क हाडातला रक्तप्रवाह अभ्यासत होते. सशाच्या पायात बसवलेली टायटॅनियमची नळी काम झाल्यावर काढायला गेले तर ती निघेचना. हाडाने तिला आपलंसं केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी यॉस्टा लार्सन या गृहस्थाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर चाळीस वर्षं ते स्क्रू कामात होते.

त्याच्याही कितीतरी आधी, साधारण इसवी सन ६०० च्या सुमारास, मध्य अमेरिकेतल्या माया लोकांपैकी कुणीतरी शिंपल्याचे तुकडे दातांच्या आकारात घासून जबड्यात ठोकले होते. होंडुरासमध्ये १९३१ साली तो जबडा मिळाला. पुढे क्ष-किरणांत दिसलं की त्या तुकड्यांभोवती हाड तयार झालं होतं, म्हणजे हा प्रयोग जिवंत माणसावर झाला होता.

टायटॅनियम परकं वाटायचं कारण नाही. त्याचं एक खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत आहे. या धातूवर हवेतच ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो, त्यामुळे तो गंजत नाही आणि शरीरही त्याला झिडकारत नाही.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. बत्तीस दातांसाठी बत्तीस स्क्रू लागत नाहीत. खालच्या पूर्ण कवळीला दोन पुरतात! २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा, असं स्पष्ट म्हटलं. स्क्रू साधारण चार मिलिमीटर जाडीचा. हाडात मुरायला त्याला सहसा तीन ते सहा महिने लागतात. मग कवळी त्यावर टिचबटणासारखी ‘टक्’ करून बसते. रात्री काढायची, घासायची, सकाळी परत लावायची. आतल्या नायलॉनच्या चकत्या झिजतात, त्या अधूनमधून बदलाव्या लागतात.

वरच्या जबड्याला सहसा चार स्क्रू लागतात, पण बक्षीसही मोठं. पुष्कळदा कवळीचा टाळूवरचा भाग कापून टाकता येतो, मग निलंगा राईसचा गरम, तिखट झटका टाळूलाही कळतो. जेवणाचा आनंद म्हातारपणी निम्म्यावर आणायचा कशाला?

या स्क्रूला कीड लागत नाही. पण भोवतालची हिरडी सुजली तर हाड जातं आणि स्क्रू हलतो. तंबाखू आणि आटोक्यात नसलेली साखर हे त्याचे दोन मोठे वैरी. मिसरी लावणं चालूच ठेवून महागडे स्क्रू बसवून घेणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

खर्च जास्त आहे, हे खरंच. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना कवळी मिळू शकते, पण ती साधी. मात्र ती नीट बसत असेल तर पुढे स्क्रू बसवून तिलाच आतून बटणं लावता येतात, नवी करावीच लागते असं नाही. लातूरला एमआयडीएसआर दंत महाविद्यालय आहे, नांदेडलाही दंत महाविद्यालय आहे. कवळीच्या विभागात आधी चौकशी करा. महाविद्यालयातला दर खासगी दवाखान्यापेक्षा सहसा कमी असतो.

बाजारात बसून तासाभरात ‘पक्के दात’ चिकटवून देणाऱ्याच्या हाती मात्र आई-वडिलांचं तोंड देऊ नका. डॉक्टरची दंत परिषदेकडची नोंदणी विचारा, हाडाचा फोटो काढल्याशिवाय होकार देऊ नका. आणि स्क्रू बसला की त्याच्या कंपनीचं नाव, माप आणि क्रमांक लिहून घ्या. दहा वर्षांनी बटण बदलायचं झालं तर जोडीचा भाग त्याच कागदावरून मिळेल.