दारातला वूफर, खांबावरचा ट्वीटर

मूलहून सावलीमार्गे गडचिरोलीकडे जाताना गाडीत झाडीपट्टीच्या नाटकातलं गाणं लावलं, तर तबल्याबरोबर गायकही गुडघ्याखालून गातोय असं वाटतं. कारण बहुतेक गाड्यांत स्पीकर दारात, खाली असतो. कंपोनंट स्पीकर हे दुखणं दूर करतात: खर्ज वाजवणारा वूफर दारातच, पण तार स्वरांचा छोटा ट्वीटर वेगळा, समोरच्या काचेशेजारच्या खांबावर.

यामागं तरंगलांबी आहे. १०० हर्ट्‌झचा खर्ज सुमारे ३.४ मीटर लांबीचा. तो गाडीभर पसरतो. १०,००० हर्ट्‌झची झांजेची किणकिण जेमतेम ३.४ सेंटिमीटरची; ती टॉर्चच्या झोतासारखी सरळ जाते, मांडी आडवी आली की संपली. म्हणून ट्वीटर कानाच्या रोखानं हवा. स्वरांची वाटणी क्रॉसओव्हर करतो: त्यातला कपॅसिटर खर्ज अडवतो, कॉइल तार स्वर.

खोक्यावरच्या ‘३०० वॅट’ला भुलू नका, तो बहुधा क्षणभराचा कमाल आकडा असतो. आरएमएस, म्हणजे सतत पेलण्याची ताकद पाहा, आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटमध्ये किती आवाज निघतो ते. ती ३ डेसिबलनं जास्त असेल, तर निम्म्या वॅटमध्ये तेवढाच आवाज मिळतो. वेगळा अँप्लिफायर घ्यायचा नसेल तर हाच आकडा निर्णायक.

माझं विचाराल तर महागड्या जोडीपेक्षा थोडे पैसे दारावर घाला. आतल्या पत्र्याची भोकं उघडी असली, की स्पीकरच्या पाठची लाट पुढच्या लाटेला भेटून खर्ज खाऊन टाकते. भोकं बुजवा, पत्र्यावर डॅम्पिंग शीट चिकटवा. पाणी निघायच्या तळाच्या वाटा मात्र मोकळ्या ठेवा, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजतं.